आराखड्यात नसलेली पायरी

हल्डा ब्रेकीने खालून निरोप पाठवला तो असा: "येते. पण आधीच सांगून ठेवते. माझी चौकी असेल तर उन्हाळा संपेपर्यंत राहीन. चौकीचं म्युझियम करून ठेवलं असेल, तर ज्या खेचरावरून आले त्याच खेचरावरून परत."

निरोप माझ्या नवऱ्याने आणला. ओरिन आमच्या मंडळींचा खेचरवाला. सिमेंट, काचा, पीठ, कॉफी, सगळं त्याच्या खेचरांच्या पाठीवरून टिनकपच्या डोंगरावर, वणवा हेरायच्या जुन्या चौकीत येतं. त्याने निरोप शब्दाला शब्द सांगितला. वेंडेल मास्तरांनी हातातला रंधा खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत चढवला.

"म्युझियम कसलं?" ते म्हणाले. "जशी बांधली होती तशीच आहे. खिळासुद्धा तसाच."

"तेच तर ती म्हणतेय," मी म्हणाले. पण माझं कोण ऐकतो.

वेंडेल होल्म म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या शाळेचे सुतारकामाचे मास्तर. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी अर्धं खोरं त्यांना मास्तरच म्हणतं, आणि त्यांच्यासमोर अजून नखं लपवतं. मी त्याच शाळेची बस चालवायचे, त्यामुळे मला त्यांचा धाक नाही. पोरांना मी आणून सोडायचे आणि ते रडवायचे, अशी आमची जुनी भागीदारी. बायको गेल्यावर मास्तर घरात बसून खुर्च्यांचे पाय तासत राहायचे. मग एकदा जंगल खात्याने टिनकपची चौकी जाळून टाकायची ठरवली. विमानं आली, कॅमेरे आले, डोंगरावर माणूस बसवून वणवा बघायची गरज राहिली नाही. झडपा लावून चौकी बंद केली ती उंदरांनी आणि बर्फाने खाल्ली. मास्तर खात्यात गेले आणि म्हणाले, "जाळू नका, आम्ही उभी करतो." साहेब म्हणाला, करा, पण आमच्याकडे माणसं नाहीत. मास्तर म्हणाले, माणसं माझ्याकडे आहेत. म्हणजे कोण, तर मी, ओरिन आणि गुडघे धरून चढणारी आणखी चार म्हातारी टाळकी.

आता खरं सांगते. चौकी जुनी आहे, देशाचा ठेवा आहे, हे सगळं ठीक. पण मास्तरांनी ती उभी केली हल्डासाठी. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणणारही नाहीत. पण मला डोळे आहेत. हल्डा आणि तिचा नवरा आर्ने, दोघांनी टिनकपवर किती उन्हाळे काढले याची मोजदाद नाही. ती वणवा हेरायची, तो पायवाटा नीट ठेवायचा. चौकी बंद झाली, मग आर्ने गेला, आणि हल्डा खाली गावात बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आली. तिच्या खिडकीतून समोर पेट्रोल पंप दिसतो. ज्या बाईने आयुष्यभर अर्धं मोंटाना डोळ्यांखाली ठेवलं, तिने पेट्रोल पंप बघत बसायचं. मास्तर तिला दर रविवारी चर्चमध्ये बघायचे आणि घरी येऊन आणखी एक खुर्ची तासायचे.

खात्याने यंदा परवानगी दिली. चौकी दुरुस्त झाली की कोरड्या महिन्यांत कोणीतरी विनापगारी बसायला हरकत नाही. मास्तरांनी हल्डाचं नाव दिलं. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, पण डॉक्टरने तिचे डोळे तपासून सही केली आणि वर म्हणाला, माझ्यापेक्षा हिला जास्त दिसतं.

सगळं सोन्याहून पिवळं होणार होतं. फक्त मास्तरांच्या डोक्यातला आराखडा मध्ये आला.

आमच्या मंडळींचा नियम एकच, आणि तो मास्तरांनी घालून दिलेला: जसं होतं तसंच. सरकारी आराखडा त्यांनी कुठून तरी मिळवला होता आणि भिंतीला टाचला होता. पहिल्यांदा बांधली तेव्हा चौकी कशी होती, खिडक्या किती, फळी किती रुंद, रंग कोणता, सगळं त्यात. त्यात जे आहे ते परत करायचं. त्यात नाही ते काढायचं. मागाहून कोणीतरी जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम काढलं. दारामागचं कपाट काढलं. छताच्या तुळईला एक आकडा होता, तोही उपटला. मी म्हणाले, "अहो मास्तर, आकडा तुमच्या पोटात दुखतोय का?" तर म्हणाले, "मेव्हिस, आज आकडा ठेवला तर उद्या टीव्ही येईल."

आणि मग मागच्या आठवड्यात ती पायरी.

चौकीच्या खोलीत मधोमध फाइंडर असतो. उंच पायांच्या लाकडी चौरंगावर परातीएवढा गोल नकाशा, भोवती फिरती लोखंडी कडी, कडीवर समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या. एका पट्टीतल्या फटीला डोळा लावायचा. दुसरीत घोड्याचा केस ताणून बसवलेला असतो, तो बरोबर धुराच्या बुडाशी आणायचा आणि कडीवरचा अंश वाचून रेडिओवर सांगायचा. आग कुठे आहे ते त्यावरून कळतं. या चौरंगाच्या चारी बाजूंनी कोणीतरी जमिनीला एक पायरी ठोकून घेतली होती. वीतभर उंचीची, हिरवी, एका बाजूला रंग पार उडालेला. मास्तरांनी आराखडा बघितला, पायरी बघितली, परत आराखडा बघितला.

"नाहीये यात."

"कोणीतरी मुद्दाम केलेली दिसतेय," मी म्हणाले. "वापरून झिजलीय बघा."

"कोणीतरी मागाहून आलेला आळशी. खिळेसुद्धा वेगळे आहेत."

"मग हल्डाला विचारा ना. फोन आहे, आपण काही चंद्रावर नाही."

तर मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "तिला काही विचारायचं नाही. तिने एकदम येऊन बघायचं."

झालं. लहान पोरासारखं माणसाला गंमत करायची होती. पहारीने पायरी उचकटली, फळ्या चांगल्या वाळलेल्या होत्या, चुलीशेजारी रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच फळ्यांवर सगळ्यांना पॅनकेक करून घातले. छान जाळ झाला, हेही सांगते.

हल्डा आली त्या दिवशी मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. घडीच्या रेषा तशाच दिसत होत्या. मी म्हणाले, "मास्तर, शर्ट पण जसा होता तसाच ठेवलात वाटतं, पुठ्ठ्यासकट." ते हसले नाहीत. सज्जाचा कठडा त्यांनी सकाळपासून चारदा पुसला होता.

ओरिन पुढे, मागे हल्डा खेचरावर, तिच्या मागे सामानाचं खेचर. बाई केवढीशी. मी तिला चर्चमध्ये बसलेलीच जास्त पाहिली होती, उभी राहिली की ती ओरिनच्या काखेखाली मावते हे विसरले होते. खेचरावरून उतरली. आधी चौकीभोवती बाहेरून एक फेरी मारली. झडपा वर टेकवलेल्या होत्या, काचा लखलखत होत्या. एका काचेवर तिने बोट फिरवलं.

"काचा कोणी बसवल्या?"

"मी," मास्तर म्हणाले.

"आमच्या वेळी या कोपऱ्यातून वारा शिट्टी वाजवायचा. आता नाही वाजणार."

"नाही. फटींत लांबी भरलीय नीट."

"चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मग ती आत आली. पलंगावर हात ठेवला. चुलीचं दार उघडून बंद केलं. दारामागे बघितलं, जिथे कपाट होतं. वर तुळईकडे बघितलं, जिथे आकडा होता. प्रत्येक वेळी मान थोडी हलली, गिऱ्हाईक वाण्याच्या दुकानात रिकामी बरणी बघून हलवतं तशी. मी ओरिनकडे बघितलं, ओरिन खेचराकडे बघायला बाहेर निघाला. असल्या वेळी त्याला नेमकी खेचरं आठवतात.

हल्डा फाइंडरपाशी गेली. जाताना तिचा उजवा पाय आपोआप उचलला गेला, पायरीवर ठेवायला. पायरी नव्हती. पाय धपकन जमिनीवर पडला आणि ती तोल जाऊन चौरंगाला धरून उभी राहिली. तिची हनुवटी कडीच्या बरोबरीला आली. फट डोळ्यांच्या कितीतरी वर.

"माझी पायरी?" ती म्हणाली.

मी तोंडाची फटकळ, पण तेव्हा किटलीत पाणी आहे का ते बघायला लागले. मास्तर मात्र खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने.

"मी काढली. आराखड्यात नव्हती."

"आराखड्यात कशी असेल? आराखडा काढणाऱ्याने मला कुठे बघितलं होतं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कुठे ठेवलीत?"

मास्तरांनी चुलीकडे बघितलं. हल्डानेही बघितलं. सांगायची गरज उरली नाही.

"बरं," ती म्हणाली आणि बाहेर सज्जात गेली. तिथून ओरिनला म्हणाली, "सामान सोडू नकोस रे. खेचरांना पाणी दाखव, मग निघू."

अति तिथे माती म्हणतात ते हेच. तीन उन्हाळे माणसाने कंबर मोडली, आणि वीतभर पायरीवर सगळं अडलं. मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते, घड्या न मोडलेल्या त्या शर्टात. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कळवळा आला. पण आधी मी हल्डाकडे गेले.

ती कठड्यापाशी बाहेर तोंड करून बसली होती. समोर डोंगरामागे डोंगर, शेवटचे निळे आणि आभाळात मिसळलेले. तिचे डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकत होते. मन दुखलेलं असलं तरी डोळ्यांची सवय सुटत नसावी.

"मी पण त्यात आहे," मी म्हणाले. "फळ्या मीच जाळल्या. पॅनकेक केले."

"चांगले झाले होते का?"

"हो."

"सुकं लार्चचं लाकूड होतं. जळणारच छान." तिने कठड्यावरून हात फिरवला. "आमचा पहिला उन्हाळा. विजांचं वादळ आलं, एकामागून एक धूर उठायला लागले. मी दिवसभर टाचा उंचावून कडी फिरवत होते. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे आले, मला चालवेना. आर्ने आला, त्याने बघितलं, काही बोलला नाही. त्याला बोलता येत होतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी खालून फळ्या पाठीवर घेऊन आला आणि ठोकत बसला. चारी बाजूंनी. मी म्हणाले, एक खोकं दिलं असतंस तरी चाललं असतं. तर म्हणाला, धूर काय एकाच बाजूने येतो का?"

मी हसले. तीही हसली, पण डोळे भरून आले.

"त्या माणसाने मला आयुष्यात कधी फूल दिलं नाही, मेव्हिस. वाढदिवस लक्षात ठेवला नाही. ती एक पायरी दिली. मी रोज त्यावर चढायचे आणि मला वाटायचं, आहे, आपलं कोणीतरी आहे." तिने बाहीने नाक पुसलं. "मास्तरांना काही म्हणू नकोस. चौकी सुंदर केलीय त्यांनी. पण ती कोणा दुसऱ्याची आहे. मला इथे राहवणार नाही."

मी आत गेले. मास्तर अजून तिथेच.

"उभे काय राहिलात खांबासारखे?" मी म्हणाले. आवाज हळू ठेवला, पण धार ठेवली. "ती पायरी तिच्या नवऱ्याने केली होती. तुम्हाला सुतारकाम येतं ना? की नुसतं उपटायचंच येतं?"

"आर्नेने केलेली?" ते खाली बसले, चुलीपाशी, सरळ जमिनीवर. हातांनी तोंड झाकलं. "मी आळशी म्हणालो त्याला."

"म्हणालात. आता ते मी तिला सांगणार नाही. उठा."

"मेव्हिस, ती परत कशी करणार? उंची किती होती ते मी मापलं नाही. मी, मास्तर म्हणवून घेणारा. आराखड्यात नाही म्हणून मापसुद्धा घेतलं नाही."

हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. ते उठले तेव्हा मला वाटलं, जाऊन माफी मागतील आणि संपेल. पण ते बाहेर शेडमध्ये गेले आणि छपराची उरलेली लाकडी कौलं काखोटीला मारून घेऊन आले. देवदाराची पातळ कौलं, एक टोक जाड, एक टोक निमुळतं. मग सज्जाच्या दारात उभे राहिले.

"हल्डाबाई, पाच मिनिटं आत या."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"आराखड्यात नाही ना ते," ती म्हणाली. टोमणा होता, आणि मास्तरांनी तो निमूट घेतला.

"मग आराखडा अपुरा आहे. इथे माणूस उभं राहणार होतं, ते काढायचं राहिलं त्यात." त्यांनी काखेतली कौलं सावरली. "तुम्ही गेलात तरी चालेल. मी थांबवणार नाही. पण पायरी इथे असायला हवी. आर्नेच्या उंचीची. ती उंची आता फक्त तुमच्या पायांना माहीत आहे."

हल्डाने त्यांच्या काखेतल्या कौलांकडे बघितलं. मग उठली, आत आली आणि फाइंडरसमोर उभी राहिली. मास्तर गुडघ्यांवर बसले. त्यांचे गुडघे कसे आहेत ते आम्हाला माहीत आहे. बसताना दोन्ही कडकन वाजले, आणि कोणी हसलं नाही.

त्यांनी तिच्या पायांखाली एक कौल सरकवलं. त्यावर दुसरं, उलट बाजूने, म्हणजे जाड टोकावर निमुळतं येऊन वरचा भाग सपाट राहील. मग तिसरं. दर वेळी ती एक पाय उचलायची, मग दुसरा, आणि तोल सांभाळायला हात मास्तरांच्या डोक्यावर ठेवायची. तिने डोळे मिटून घेतले होते.

"अजून," ती म्हणायची. मास्तर सरकवायचे. "अजून."

ओरिन दारात येऊन उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन.

"थांबा," हल्डा म्हणाली. तिने पाय जरा इकडेतिकडे हलवले, टाचा टेकवल्या. "हीच. एवढीच होती. आर्नेची पायरी हीच."

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढून चौरंगाच्या पायावर रेघ मारली. रेघ काही सरळ आली नाही, आणि त्यांनी ती पुसली नाही. हल्डाने डोळे उघडले, कडी फिरवली आणि फटीला डोळा लावायला गेली.

डोळा पोचला नाही.

तिने मान ताणली. तरीही फट भुवईच्या वरच राहिली. ती परत नीट उभी राहिली, पायांखाली बघितलं, पेन्सिलच्या रेघेकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल.

"चुकलं का?" मास्तर खालून म्हणाले. "उंची आठवत नसेल तर हरकत नाही, आपण..."

"उंची बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या पायांना ती मेल्यावरसुद्धा आठवेल. मीच आटलेय." तिने स्वतःच्या खांद्यांवरून हात फिरवला, जणू पहिल्यांदाच चाचपून बघत होती. "केवढी आटलेय मी. वेंडेल, ती पायरी इथे असती ना, तरी आज मला पुरली नसती."

मास्तरांचा हात तिच्या बुटाजवळ, कौलावर तसाच होता.

"तुम्ही ठेवली असतीत," ती म्हणाली, "तर मी आले असते, चढले असते, आणि पोचले नसते. आणि कोणाला सांगितलंही नसतं. वाटलं असतं, झालं आपलं. गपचूप खाली गेले असते."

मग तिने परत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अजून एक सरकव."

त्यांनी सरकवलं. ती चढली, फटीला डोळा लावला आणि कडी हळूहळू फिरवत राहिली. उत्तरेचा कडा, दरी, नदीचं वळण, आमचं खोरं. चुलीवरच्या किटलीचाच काय तो आवाज येत होता.

"दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं." तिने डोळा काढला नाही. हातही काढला नाही. "पण पुढच्या उन्हाळ्यात मी आणखी थोडी आटणार. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आणखी. दर वर्षी एक फळी वाढवावी लागेल, चारी बाजूंनी. येशील का वर?"

आमचे मास्तर कधी चटकन हो म्हणणारे नव्हेत. टेप काढतील, बघतील, विचार करतील, मग सांगतील.

"येईन," ते म्हणाले.

गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, कारण उठता येत नव्हतं. त्यांना उठवायला शेवटी मी आणि हल्डा दोघी लागलो. ओरिन टोपी घालून तिचं सामान सोडायला गेला.